काजूबोंडे, भट्टी आणि कायदा

कोकणात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास काजूच्या बागा पिकू लागल्या म्हणजे शेतकऱ्याचे सारे लक्ष बीकडे असते. खाली पडलेल्या फळाची बी पिळून काढली जाते आणि रसाने भरलेले बोंड झाडाखालीच टाकून दिले जाते. दोन दिवसांत ते कुजते व त्यावर माश्या घोंगावू लागतात. वास्तविक बोंडाचे वजन बीच्या वजनाच्या साधारणपणे पाच ते दहा पट असते. ज्या बागेतून ५०० किलो बी मिळते, तेथे सहा पट धरून हिशेब केला तरी ३,००० किलो बोंडे होतात. त्यातील साठ टक्के रस धरला तर १,८०० लिटर रस दरवर्षी मातीत मुरतो असे म्हणावे लागेल.

शेजारच्या गोव्यात याच रसापासून परवान्याने फेणी तयार होते. तिला नाव आहे, मान आहे आणि बाजारही आहे. हे पाहून सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील तरुण शेतकऱ्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. लहान तांब्याच्या भट्ट्या व घरच्या घरी वाईन बनविण्याचे तयार संच आता विकत मिळतात, तर ते आणून हा रस पैशात का बदलू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना नुसते ‘कायद्याने बंदी आहे’ एवढे सांगून भागत नाही. भट्टीत नेमके काय घडते, धोका कोठे आहे आणि कायदा कोणत्या टप्प्यावर आड येतो, हे समजले म्हणजे शेतकरी आपला मार्ग स्वतःच निवडू शकतो.

रस आंबतो म्हणजे काय होते?

फळांच्या सालीवर आणि हवेत यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. रसातील साखर हेच त्यांचे अन्न होय. हवेचा पुरवठा तुटला म्हणजे ते साखरेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करतात. शास्त्रीय हिशेबाप्रमाणे १०० भाग साखरेपासून फार तर ५१ भाग मद्यार्क मिळतो. बाकीचा भाग वायुरूपाने निघून जातो.

काजूबोंडाच्या रसात सुमारे १० टक्के साखर धरली, तर १०० लिटर रसात १० किलो साखर होते. त्यापासून फार तर ५.१ किलो, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर मद्यार्क मिळेल. प्रत्यक्षात पाच-सहा लिटरच हाती येतो. याचा अर्थ असा की, आंबलेल्या रसात मद्यार्काचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. त्यापेक्षा कडक पेय नुसत्या आंबविण्याने मिळत नाही. त्यासाठी साखर वाढवावी लागते किंवा भट्टी लावावी लागते.

आंबविण्याचे काम यीस्टपुरतेच थांबत नाही. रस उघडा राहिला तर दुसरे जंतू मद्यार्काचे आम्लात रूपांतर करतात व रसाचा शिरका बनतो. चैत्र-वैशाखातील उकाड्यात हे फार लवकर घडते. म्हणून निष्काळजीपणे आंबविलेला रस ना धड वाईन होतो, ना धड शिरका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आंबताना निघणारा कर्बवायू हवेपेक्षा जड असून तो खोल जागी साचतो. जमिनीत पुरलेल्या मोठ्या टाकीत किंवा बंद खोलीत वाकून काम करणाऱ्याचा जीव त्याने गुदमरू शकतो. अशी जागा नेहमी मोकळ्या वाऱ्याची असावी.

वाईनचे तयार संच

पाश्चात्त्य देशांत घरगुती वाईनसाठी जे संच मिळतात, त्यांत गूढ असे काही नाही. आटवून निर्जंतुक केलेला द्राक्षरस, यीस्टची पुडी, रस निवळण्यासाठी बेंटोनाइट नावाची माती, जंतू आवरण्यासाठी गंधकयुक्त क्षार आणि शेवटी आंबणे पुन्हा सुरू होऊ नये म्हणून एक परिरक्षक, एवढेच पदार्थ त्यांत असतात. सोबत एक झाकणाचे भांडे, पाण्याची नळी आणि हायड्रोमीटर घ्यावा लागतो. ती नळी आतला वायू बाहेर जाऊ देते, पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. हायड्रोमीटरने रसातील साखर मोजता येते व ती संपत आली की आंबण्याचे काम पुरे झाले असे समजते.

या संचांपासून घेण्यासारखा धडा तीन शब्दांत सांगता येईल: स्वच्छता, मोजमाप व हवाबंदी. रसाच्या कोणत्याही उद्योगात हे तीन नियम पाळलेच पाहिजेत. मात्र संच विकत मिळतो म्हणून त्याबरोबर परवानाही मिळतो, अशी समजूत करून घेऊ नये. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तींना घरच्या वापरापुरती वाईन व बिअर बनविण्याची मुभा मिळाली; परंतु त्याच कायद्याने घरी भट्टी लावण्याची मुभा दिली नाही. न्यूझीलंडने १९९६ च्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी भट्टीसही मोकळीक दिली. प्रत्येक देशाचा व आपल्याकडे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. परदेशातील पुस्तिकेत जे चालते ते आपल्या गावी चालेलच असे नाही.

भट्टीचे काम

मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. आंबलेला रस तापविला म्हणजे निघणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण रसापेक्षा जास्त असते. ती वाफ थंड केली की अधिक कडक द्रव मिळतो. यास ऊर्ध्वपातन म्हणतात. गवती चहाचे किंवा वाळ्याचे तेल काढणारी यंत्रेही वाफ थंड करण्याच्या याच तत्त्वावर चालतात.

प्रत्येक भट्टीचे तीन भाग असतात: रस तापविण्याचे भांडे, वाफ नेणारी नळी आणि वाफ थंड करण्याची सोय. गोव्यात तापविण्याच्या भांड्यास ‘भाण’ व वाफ थंड होऊन जमा होते त्या भांड्यास ‘लावणी’ म्हणतात. लावणी गार राहावी म्हणून तीवर पाणी ओतत राहतात किंवा नळीची वेटोळी पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात.

भांडे तांब्याचे का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. तांबे उष्णता लवकर व सर्वत्र सारखी पोहोचविते. शिवाय आंबलेल्या रसात जी दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात, ती तांब्याशी संयोग पावून पेयातून दूर होतात. परंतु आम्ल रसाने तांब्यास हिरवट काट चढतो व तो विषारी असतो. म्हणून भांडे प्रत्येक वेळी घासून लख्ख करावे लागते. सांध्यांना शिशाचा डाग देणे अत्यंत धोक्याचे आहे. अमेरिकेतील बेकायदा भट्ट्यांवर वाफ थंड करण्यासाठी मोटारीचे जुने रेडिएटर वापरले गेले व त्यातील शिसे पेयात उतरून अनेकांना विषबाधा झाली.

नळी चोंदली तर भांड्यात दाब वाढून स्फोट होतो. सांध्यातून निसटलेली मद्यार्काची वाफ चुलीच्या जाळावर पेट घेते. घराच्या स्वयंपाकघरात किंवा गवताने शाकारलेल्या पडवीत भट्टी लावणे म्हणजे घरावर निखारा ठेवण्यासारखे आहे.

गोव्यातील परंपरा

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. गोव्यातील लोकांनी त्याच्या बोंडापासून पेय काढण्याची स्वतंत्र रीत बसविली. तेथे बोंड झाडावरून तोडीत नाहीत. पिकून आपोआप पडलेलेच वेचतात. बी वेगळी करून बोंडे दगडी किंवा सिमेंटच्या उथळ कुंडात पूर्वी पायांनी तुडवीत. आता पुष्कळ ठिकाणी यंत्राने चिरडतात. तुडविलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर वजन ठेवले म्हणजे जो निवळ रस झिरपतो, तो ‘नीरो’. हा ताजाच पितात. बाकीचा रस काही दिवस आंबू देतात. त्यात बाहेरून यीस्ट घालीत नाहीत.

आंबलेल्या रसाची पहिली भट्टी लावली की सौम्य असा हुर्राक मिळतो. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली म्हणजे फेणी तयार होते. बाटलीबंद फेणीत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. वर केलेला हिशेब पुढे नेला तर १०० लिटर रसातील पाच लिटर मद्यार्कापासून अशी फेणी बारा लिटरांहूनही कमी निघते. तेवढ्या रसाला सुमारे १६५ किलो बोंडे लागतात. म्हणजे एक लिटर फेणीमागे किमान चौदा किलो बोंडे, शिवाय सरपण, पाणी व मजुरी. ‘फुकटच्या बोंडांपासून सोने’ ही कल्पना या हिशेबापुढे टिकत नाही. फेणीला जो भाव मिळतो तो तिच्या नावामुळे, दर्जामुळे व परवान्याच्या बाजारामुळे होय.

हे नाव एका दिवसात झालेले नाही. काजूफेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा राज्याने फेणीस वारसा-मद्याचा दर्जा दिला व २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आखले. तेथील भट्टीवाल्यास उत्पादन शुल्क खात्याचा परवाना घ्यावा लागतो व काजूच्या क्षेत्रांचा लिलाव होतो. तेव्हा गोव्याची भट्टी घरगुती दिसली तरी ती कायद्याच्या चौकटीत चालते, हे विसरता कामा नये. मानांकनामुळे दुसऱ्या राज्यात तयार झालेल्या मद्यास ‘गोव्याची फेणी’ म्हणून विकताही येत नाही.

‘पहिल्या धारेची’ व इतर चुकीच्या समजुती

खेड्यापाड्यांत ‘पहिल्या धारेची’ दारू म्हणजे अस्सल, असा समज खोलवर रुजलेला आहे. भट्टीतून प्रथम पडणाऱ्या धारेत मद्यार्क जास्त असतो हे खरे. परंतु तिच्यातच ॲसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडून जाणारी हानिकारक द्रव्येही एकवटलेली असतात. जाणकार भट्टीवाला ही धार बाजूला काढतो.

याच्या उलट दुसरा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. पहिली धार फेकून दिली की मिथेनॉल नावाचे विष निघून जाते, असे पुष्कळजण मानतात. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते म्हणून ते सर्वांआधी बाहेर पडेल, असा तर्क त्यामागे असतो. परंतु पाण्यात मिसळलेल्या स्थितीत ते मद्यार्काबरोबरच वाफेतून येत राहते व साध्या भट्टीत ते वेगळे काढता येत नाही. फळांच्या रसातील पेक्टिनपासून थोडे मिथेनॉल नैसर्गिक रीतीनेच तयार होते. ते बहुधा अल्प असते. सामूहिक मृत्यू घडविते ते कारखान्यांसाठी बनविलेले व दारूत भेसळ केलेले मिथेनॉल.

तिसरी समजूत ज्योतीची. चमच्यात दारू पेटविली व निळी ज्योत निघाली की ती शुद्ध, असे सांगितले जाते. मिथेनॉलही फिकट निळ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीने जळते. रंग, वास किंवा ज्योत यांवरून विष ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक मृत व्यक्ती कष्ट करून पोट भरणाऱ्या होत्या. मिथेनॉल पोटात गेल्यावर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. लक्षणे कधी बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात, म्हणून रोगी ती नशेची गुंगी समजून झोपून राहतो. डोके दुखणे, उलटी, पोटातील कळा, धाप लागणे व डोळ्यांपुढे पांढुरके दिसणे ही लक्षणे दिसताच रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्यावर उतारा आहे. पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. ज्यांनी तीच दारू घेतली असेल त्यांनाही, लक्षणे नसली तरी, सोबत न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवालपवी केल्यास माणूस दृष्टी गमावतो किंवा प्राणास मुकतो.

महाराष्ट्रातील कायदा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. या अधिनियमाचे ६५ वे कलम केवळ दारू गाळणाऱ्यापुरते नाही. मद्य तयार करण्यासाठी भट्टी, भांडी, अवजारे किंवा साहित्य जवळ बाळगणे हेदेखील त्याखाली येते. ‘भट्टी शोभेसाठी आणली’, ‘फक्त घरच्यापुरते केले’, असे म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नये. वाईनचीही गोष्ट तीच. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले व नाशिक परिसरात वाईनचे कारखाने वाढले. परंतु ते सर्व परवान्यावर चालतात.

शेतकऱ्यापुढील मार्ग

बोंडाचा उपयोग करण्यासाठी भट्टीच हवी असे नाही. काजूबोंडात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही कितीतरी पटीने अधिक असते. त्याचा तुरटपणा व घशाला होणारी खवखव हीच काय ती अडचण असून ती दूर करता येते.

१. रस व सरबत: त्याच दिवशी पडलेली, न फुटलेली बोंडे पहाटे वेचून स्वच्छ पाण्याने धुवावीत. रस काढण्यासाठी स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत. लोखंडाने रस काळा पडतो, तर तांब्याने क जीवनसत्त्व नष्ट होते; भट्टीला उपयोगी पडणारे तांबे येथे अपायकारक ठरते. रस गाळून त्यात दर लिटरला सुमारे ५ ग्रॅम साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून, गार करून मिसळावा व ढवळावे. तुरट द्रव्ये साका होऊन तळाशी बसतात. वरचा निवळ रस हलक्या हाताने काढून घ्यावा. हे सर्व होईपर्यंत रस थंड ठेवावा, नाही तर तो आंबू लागतो. स्क्वॅश करावयाचे असल्यास त्यात किमान २५ टक्के फळांचा रस व ४० टक्के विद्राव्य घटक असावे लागतात.

२. शिरका: रस प्रथम आंबवून नंतर हवेच्या सान्निध्यात ठेवल्यास शिरका तयार होतो. विक्रीच्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. मधल्या टप्प्यात रस मद्यार्कयुक्त होत असल्याने काम सुरू करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाचा लेखी सल्ला घ्यावा.

३. बोंडांची विक्री: दोडामार्ग व सावंतवाडी भागातून गोव्यातील भट्ट्यांकडे बोंडे जातात. एकेकट्याने विकण्यापेक्षा काही बागायतदारांनी एकत्र येऊन, ताजा माल त्याच दिवशी पोहोचविण्याची व्यवस्था केल्यास वाहतुकीचा खर्च वाटला जातो व भाव ठरविण्यास बळ येते.

४. परवान्याचा कारखाना: ज्यांना वाईन किंवा मद्य यांच्या धंद्यात उतरावयाचे आहे, त्यांनी गट किंवा सहकारी संस्था स्थापून परवाना, भांडवल व बाजार या तिन्हींचा विचार आधी करावा. यंत्र खरेदी करणे ही शेवटची पायरी होय, पहिली नव्हे.

खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना लागतो. काजूच्या जाती व बोंडावरील प्रक्रिया यांविषयी मार्गदर्शन वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ यांच्याकडून घेता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

बोंडांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचाच असल्याने तयारी माघातच करावी. गावातील किती बागायतदारांकडे किती बोंडे वाया जातात याची यादी करावी. महिला बचत गटांना साबुदाण्याने रस निवळण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. एका लिटरच्या रसावर ते सहज होते व चवीतला फरक तेथेच पटतो. कोणी भट्टी किंवा वाईनचा संच मागविण्याचा विचार बोलून दाखविला तर त्यास धमकावू नये. कलम ६५ समजावून सांगावे, एक लिटरमागे चौदा किलो बोंडांचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा व रसाचा मार्ग दाखवावा. विषारी दारूची लक्षणे व जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

काजूचे बोंड हे टाकाऊ फळ नव्हे. बीइतकेच तेही शेतकऱ्याच्या घामाचे पीक आहे. त्याचे मोल हाती यावयाचे तर ते रसाच्या बाटलीतून, शिरक्याच्या बरणीतून किंवा परवान्याच्या कारखान्यातून यावे. चोरून पेटविलेल्या भट्टीतून जे येते, त्यात एका बाजूस तुरुंग व दुसऱ्या बाजूस एखाद्या शेजाऱ्याचे अंधत्व उभे असते. येत्या हंगामात प्रत्येक बागायतदाराने बोंडांची निदान एक पाटी कुजू न देता तिचा रस काढून पाहावा. पुढील वर्षीची तयारी त्या अनुभवातूनच सुरू होईल.